माइकपर्यंत एकटा

“असा बंदोबस्त पुऱ्या अमरावतीत कोणी केला नसन!” कॉलेजच्या गॅदरिंगचा सेक्रेटरी जानराव ज्याला-त्याला सांगत होता. गाण्यासाठी बोलावलेल्या आंधळ्या मोतीरामची एकच अट होती, “मले हात धरून नेऊ नका, भाऊ. मले दिसत नाही, पण मी एकटा येतानी लोकांले दिसलो पायजे.” म्हणून जानरावने विंगेतून थेट माइकपर्यंत दोरी बांधली. ती कमी पडली, तर पडद्याचीच दोरी तिला जोडून टाकली.

मोतीरामने ऐटीत दोरी धरली. पहिल्याच हिसक्याला, तो विंगेबाहेर यायच्या आत, पडदा बंद झाला. मोतीराम माइकपर्यंत एकटा गेला आणि दोरी गच्च धरूनच गायला. त्याच्या हातातून दोरी सुटल्याशिवाय पडदा उघडेना, आणि त्याला हात लावायचा नाही असा शब्द दिलेला, त्यामुळे जानराव विंगेत नुसता घाम पुसत राहिला.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात.

“जानराव, सारे माह्याकडेच पाहून राह्यले होते ना?”

“हो ना गड्या... एकटक,” जानराव खाली मान घालून म्हणाला.

पडद्यापलीकडे प्राचार्यांनी इतकी चांगली रेकॉर्ड लावल्याबद्दल लाऊडस्पीकरवाल्याला हार घातला.