मुदत संपली

'पासवर्डची मुदत संपली आहे.' पडद्यावर पुन्हा तेच. सिस्टरने नवा घातला. 'हा आधी वापरलेला आहे.' आणखी एक घातला. तोही नाही. मागे खाटेवर म्हातारी श्वासासाठी तडफडत होती. तिचं इंजेक्शन काचेच्या कपाटात समोर दिसत होतं, पण कपाट संगणकाशिवाय उघडत नव्हतं.

खाटेशी म्हातारीचा मुलगा उभा होता. तो याच रुग्णालयाच्या संगणक विभागाचा प्रमुख. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांनी पासवर्ड बदलायचा, हा नियम त्याचाच. लोक कुरकुरले, भांडले, हातापाया पडले. तो बधला नाही. 'चोर शिरल्यावर कुलूप शोधणार का?' हे ऐकवून ऐकवून त्याचा घसा बसला होता. अलीकडे तोही या नियमाला कंटाळला होता. पण आपलंच पोर, टाकणार कुठे?

त्याने आपल्या विभागाला फोन लावला. लाइन लागेना. आज एक तारीख. अख्खं रुग्णालय तिकडेच फोन करत असणार.

"सिस्टर, दुसऱ्या कुणाचा तरी घाला!" तो ओरडला. ज्या गोष्टीसाठी त्याने माणसांना नोटिसा दिल्या होत्या, तीच तो मागत होता.

"मोठ्या डॉक्टरांचा घालतो हो आम्ही. पण त्यांनी सकाळी बदललाय, आणि मी आत्ता ड्यूटीवर आलेय."

आईने हात हलवला. तोंडावरचा मास्क कसाबसा बाजूला सारला.

"सप्टेंबर..." तिला धाप लागली. "एक... दोन... तीन."

सिस्टरने टाइप केलं. कपाट खट्कन उघडलं.

इंजेक्शन गेलं. हळूहळू छातीचा भाता शांत झाला, ओठांचा निळेपणा ओसरला. मुलगा स्टुलावर मटकन बसला.

"आई, तुला कसा गं ठाऊक?"

"सकाळी डॉक्टर सगळ्या सिस्टरांना ओरडून सांगत होते. वॉर्डात कुणाला ठाऊक नाही?" तिने डोळे मिटले. मग चाचपडत त्याचा हात शोधला आणि थोपटला.

"तू नको काळजी करूस. पुढच्या महिन्यात काही झालंच, तर ऑक्टोबर घाला."