सहावं नाणं

अमरसिंगचे तळपाय सुजून टम्म झाले होते. त्याची बायको मानीबाई त्यांना हळद-चुन्याचा लेप लावत होती, तेवढ्यात पुंडलिकरावांची स्कूटर तांड्यात शिरली.

"या, गुरुजी." तिनं पदराला हात पुसले आणि बाजेच्या कडेला त्यांच्यासाठी जागा केली.

पुंडलिकराव बसले नाहीत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण कुठं जुनं नाणं सापडलं की आसपासच्या गावांतली माणसं अजून त्यांच्याचकडे येत. वीस दिवसांपूर्वी मानीबाईही आली होती. घरकुलाचा पाया खणताना एक फुटकं मडकं निघालं, त्यातली नाणी तिनं पदराच्या टोकाला बांधून आणली होती. दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, सरकारात जमा करावी लागतील, असं ते म्हणाले. "तुमी म्हणता तं करा," ती म्हणाली. तहसीलमध्ये नेऊन त्यांनीच ती जमा केली. पाच.

"कधी सोडलं यांना पोलिसांनी?"

"काल सांजच्याला. दोन रोज ठेवलं. एकच गोठ पुसत, सहावं कुठी इकलं?" मानीबाई खाली बघत बोलत होती. "चूक माहीच हाय, गुरुजी. तहसीलात मले इचारलं किती होते, मी सहा सांगतले. जमा तं पाचच झाले. मंग यायच्यावर चोरीचा कागद केला."

"मग सोडलं कसं?"

"मी जाऊन आंगठा देला. पाचच होते, मीच मोजाले चुकली म्हून." लेपाची वाटी तिनं जमिनीवर ठेवली. "मले तं सहाच याद हायेत. पण तुमी कायले खोटं बोलसान?"

अमरसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काहीतरी म्हणाला. तिनं ते पुंडलिकरावांना सांगितलं नाही.

दारासमोर घरकुलाचा खड्डा तसाच उघडा होता. त्याच्याभोवती कुणीतरी चुन्याची रेघ मारून काम थांबवलं होतं. पुंडलिकरावांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि बाजेवर उलगडली.

बोराएवढं काळपट नाणं. वर सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्याभोवती राजाचं नाव. अशा नाण्यांवर नाव सहसा पूर्ण मावत नाही, दोन-तीन अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात. याच्यावर ते पूर्ण होतं. चाळीस वर्षांत त्यांनी असं नाणं हातात धरलं नव्हतं. दोन दिवस ठेवू, नीट वाचू, मग देऊन टाकू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. अमरसिंगला नेल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाही ते घरात बसून राहिले होते.

"सहाच होते, मानीबाई," ते म्हणाले.

तिनं नाण्याला हात लावला नाही.

"म्हंजे मले मोजता येते," ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला असता तर पुंडलिकरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी पुडी पुन्हा बांधली. "मी ठाण्यात जातो. सांगतो सगळं. अमरसिंग, चालता का? तुमच्यासमोर सांगतो."

"मी नाई येत तिथं," अमरसिंग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला.

मानीबाईनं हात धुतले, चप्पल घातली आणि स्कूटरवर मागं येऊन बसली.

ठाण्यात साहेब त्यांना नावानं ओळखत होते. त्यांनी खुर्ची पुढं केली, पंखा वाढवला, चहा सांगितला. मानीबाई दारापाशी भिंतीला टेकून खाली बसली. बसायचं कुठं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पुंडलिकरावांनी पुडी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. साहेबांनी मधेच दोनदा मान हलवली, मग कागद ओढून स्वतःच भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं : "सदर नाणे नजरचुकीने माझ्याकडे राहून गेले होते, ते आज स्वखुशीने जमा करीत आहे."

"पण मी आत्ताच सांगितलं ना—"

"होतं असं, गुरुजी. या वयात वस्तू इकडेतिकडे राहतेच. तुमच्यासारख्या माणसाला कशाला त्रास? इथं सही करा, विषय संपला."

पुंडलिकरावांनी पेन घेतलं. सही करायची जागा रिकामी होती, साहेबांनी तिथं फुलीसुद्धा करून ठेवली होती. घरी जाता येणार होतं. उद्या रविवार होता, नेरहून मुलगी येणार होती.

त्यांनी 'नजरचुकीने' या शब्दावर आडवी रेघ मारली. पेन कागदावर अडखळलं, म्हणून पुन्हा एक मारली.

साहेबांचं हसू गेलं. "अहो, हे काय केलं? मग काय लिहू त्या जागी?"

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. शब्द एकच होता, लहानसा. तो काही केल्या बाहेर येईना. "ठेवून घेतलं..." एवढंच ते म्हणाले आणि थांबले.

हवालदारानं चहाचा एक कप आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"साहेब," दारापासून मानीबाई म्हणाली, "आमच्या कागदावर जो लिवला होता, तोच शब्द लिवा."