नारळी पुनवेची होडी

भगवानचा हिशोब साधा होता. बाबा टीव्हीत रमले की खाडीवर जायचे थांबतील, ते थांबले की होडी विकता येईल, आणि होडी विकली की रिक्षा दारात येईल. म्हणून त्याने ठाण्याच्या बाजारातून राक्षस-जादूगारांचा एक व्हिडिओ गेम आणला. चित्रं सगळी ठोकळ्यांची, पण समुद्र निळाशार.

दामाजी खरंच रमले. राक्षस मारून त्यांनी गेममधली होडी जिंकली आणि रिमोट खाली ठेवला.

"काय झालं बाबा? न्या की पुढे!"

"आषाढात कोन होडी लोटतो रं? नारळी पुनव होऊ दे."

भगवान पोट धरून हसला. त्याच आठवड्यात खऱ्या होडीला गिऱ्हाईक आलं. दामाजी म्हणाले, "नेऊ दे. माज्याकडं आता ही हाय." खुशीत भगवानने जाळंही वर फुकट देऊन टाकलं.

पुनवेला दामाजींनी टीव्हीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि होडी लोटली. सगळी खोली निळी झाली. म्हातारा बसल्या जागी लाटांवर डुलू लागला.

"बेस हाय तुजा समुद्र. चिखल नाय, घाण नाय, वल्हवून खांदा दुखत नाय. खोट एकच." पडद्यावरची नजर न काढता ते मागे चटईवर हात फिरवत राहिले. "जालं कुटं ठेवलंस, बाला?"

भगवानने नवी रिक्षा काढली आणि थेट त्या गिऱ्हाइकाचं दार गाठलं. मेथीच्या जुडीलाही घासाघीस करणारा भगवान म्हणाला, "होडी राहू द्या तुमच्याकडेच. जाळं तेवढं परत द्या. सांगाल ती किंमत."