बर्फावरचा रुपया

सगळा वैशाख सुनीतीबाई नारायण पेठेतल्या त्या भट्टीसारख्या स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यापुढे उभ्या होत्या. गवार, मक्याचे दाणे, फणसाच्या फोडी, एकेक वाफवून, कोरडं करून, पिशव्यांत बांधून त्यांनी फ्रीजर गच्च भरला होता. श्रावणात सलोनी बाळंतपणाला माहेरी यायची होती.

गावाला जाताना मेन स्विच बंद करायची गोपाळकृष्णरावांची जुनी खोड. म्हणून सांगलीच्या लग्नाला निघताना सुनीतीबाईंनी तीनदा बजावलं, "अहो, या वेळी मेन बंद करायचं नाही." कुलूप त्यांनीच लावलं. एक दिवस आधी परतलेही तेच.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई आल्या, फ्रीजर उघडला आणि त्यांचं डोकंच सणकलं. सुटे गोठवलेले मक्याचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांचं एकच ढेकूळ झालं होतं.

"मेन बंद केलं होतंत?"

"छे. बघ की, दगडासारखं आहे सगळं. खुशाल सलोनीला करून घाल." आणि वर आवाज चढवून, "एकेचाळीस वर्षांत कधी खोटं बोललोय मी तुझ्याशी?"

सुनीतीबाईंनी फ्रीजरच्या कोपऱ्यातली काचेची वाटी काढून त्यांच्यापुढे आदळली. निघताना वाटीतल्या बर्फावर त्यांनी एक रुपया ठेवला होता. आता तो बर्फाखाली, वाटीच्या तळाला होता.

 

"एकेचाळीस वर्षं मी वाटी ठेवली नव्हती."