शेवटच्या दारातला देव

नवरा गेल्यावर सुनेने त्याचा कॉलेजच्या काळातला व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला. पुराणातल्या देव-राक्षसांशी लढायचा गेम, आता अगदीच ठोकळेबाज दिसणारा. सासूबाईंना तो मुळीच खपत नसे. पोटचा मुलगा गेला तरी त्यांची पूजा एक दिवस चुकली नव्हती.

"राक्षस मार हवे तेवढे," त्या टीव्हीपुढून जाताना बजावत, "पण देवावर हात उचलायचा नाही. माझ्या घरात तर नाहीच नाही."

सून मान डोलवायची आणि त्या आत जपाला बसल्या की मुकाट्याने खेळायची.

त्या दुपारी ती एकदाची शेवटच्या दारापाशी पोचली आणि लगेच हरली. चुकचुकत मागे वळली, तर सासूबाई जप अर्धा टाकून उभ्या.

"बंद करते, आई."

"थांब. हा दारात उभा आहे तो कोण गं?"

"मृत्यूचा देव," ती चाचरत म्हणाली. "माणसांना न्यायला हाच येतो."

सासूबाईंनी जपमाळ डोळ्यांना लावून बाजूला ठेवली. बाह्या वर सारल्या आणि सुनेच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या.

 

"मारायचं बटण कुठलं?"