मेंढीच्या पुढे हातभर

"मसाजीबाबा, मेंढीला मारा. मेंढीच्या पुढे नाही, मेंढीला," मंजुषा सातव्यांदा म्हणाली, आणि सातव्यांदा चेंडू मेंढीच्या पुढे हातभर जाऊन पडला.

टीव्हीवरची पांढरी गुबगुबीत मेंढी आरामात पळून गेली. चेंडू तिला लागला असता तर ती कोलांटी घेऊन पडली असती, घंटा वाजली असती आणि दहा गुण मिळाले असते. पडद्याच्या कोपऱ्यात शून्य होतं. काल शून्य होतं, परवाही शून्यच. टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या मंजुषाने वहीत आणखी एक भोपळा काढला.

लकव्याने हात गेलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावायचं, हे तिचं शिक्षण. हिंगोलीच्या उपचार केंद्रात हा खेळ आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. हातात रिमोट धरायचा, खराखुरा हात फिरवायचा, की पडद्यावर चेंडू सुटतो; नुसतं मनगट हललं तरी सुटतो. साखरा गावच्या या धनगरासाठी तिने टेनिसबिनिस बाजूला ठेवून मुद्दाम मेंढ्यांचा खेळ काढला. आणि हा माणूस आठ दिवस तिच्या डोक्यावर मिरे वाटत होता.

मसाजीचा मुलगा अंगद आज पहिल्यांदाच आला होता. तो दाराशी उभा होता, हातात मोबाईल, नजर पडद्यावर. कोपऱ्यातलं शून्य त्यालाही वाचता येत होतं.

"मॅडम, एकदाचं सांगून टाका. आबाचा हात उठंल का न्हाई? मला रान बघावं लागतंय, मेंढरं राखाया दुसरं माणूस न्हाई. उठणार नसंल तं व्यापाऱ्याला व्हय म्हणतो. उद्या गाडी घेऊन येऊन राहिला त्यो."

साठ मेंढरं होती. मसाजीने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"दहा मिनिटं थांबाल का?" मंजुषा खेकसली. रोज अकराला लाईट जायची, ती घाई वेगळीच.

फरशीवर बसलेली सुभद्राबाई म्हणाली, "बाई, मी काय म्हणते, ह्यांचा..."

"मावशी, मधे बोलू नका. त्यांचं लक्ष जातं."

सुभद्राबाईने नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि गप्प बसली. आठ दिवस ती अशीच गप्प बसवली जात होती.

"हं, आली बघा समोर. नेम धरा. मारा."

चेंडू पुढे हातभर पडला.

"अहो बाबा, मुद्दाम करताय का? दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की," मसाजी म्हणाला. "मेंढराला दगूड मारत न्हाईत, बाई. पुढं टाकतेत. पुढं पडला की वळतंय ते. लागला तं पाय मोडंल, गाभण असली तं गाभ जाईल. चाळीस साल राखली, एकीला लागू दिला न्हाई." मग त्याने पडद्याकडे नापसंतीने पाहिलं. "पर ह्या वळंनात. कुणी राखलं ह्यायला, काय म्हाईत."

मंजुषाने कपाळाला हात लावला. आता या माणसाला काय सांगावं, आणि त्याच्या पोराला तरी काय? खोटं बोलायचं तर वहीत ओळीने भोपळे होते. तिला रागही आला आणि रडूही.

"अंगद," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मला वाटतं, तुम्ही..."

लाईट गेली. आज तीही पाच मिनिटं आधीच. पडदा काळा झाला, पंखा थांबत गेला. समोर बघायला काही उरलं नाही, म्हणून ती वैतागून मागे वळली.

खिडकीच्या उजेडात मसाजी खुर्चीच्या कडेवर बसला होता. रिमोट धरलेला उजवा हात कानाच्या वर गेला होता, कोपर मागे ओढलेलं, पुढचा दगड टाकायच्या तयारीत. महिन्यापूर्वी हाच लुळा हात मंजुषाने स्वतः उचलून मांडीवरून टेबलावर ठेवला होता.

"आठ दिसापासून हेच सांगून राहिले," सुभद्राबाई म्हणाली. "तुमी आपल्या टीव्हीकडंच बघता."

मंजुषाने वही मिटली. दारात अंगदचा मोबाईल वाजत होता. व्यापाऱ्याचाच फोन होता.

मसाजी अजून काळ्या पडद्याकडेच बघत होता. हात तसाच वर होता.

"मेंढरं कुठं गेली रं?"

अंगदने फोन कापला.

"हायेत, आबा," तो म्हणाला. "कुठं न्हाई गेली."