बॅटरीची वायर

नवरा आंघोळीला गेला तशी तिने झोपेतल्या लेकीला उचलून गाडीत ठेवलं आणि काल त्याने पिरगळलेल्या हातानेच चावी फिरवली. गाडी हूं की चूं करेना. तिने घाईघाईने भावाला फोन लावला.

"ताई, दिवे तरी लागतात का?"

"काहीच लागत नाही रे!"

"मग बॅटरीची वायर बघ."

तिने बॉनेट उघडलं. वायर कुणीतरी काढून बाजूला सारली होती. तिने ती जागेवर दाबली, पण पान्याशिवाय नट आवळेना. आत नळ बंद झाला. वळून बघते तर गॅरेजच्या दारात सासूबाई! लेकाच्या शब्दाबाहेर त्या कधी गेल्या नव्हत्या.

"आई, पाया पडते, त्यांना हाक मारू नका."

सासूबाई पुढे आल्या. हातातल्या पान्याने त्यांनी नट घट्ट आवळला आणि बॉनेट अलगद लावलं.

"नीघ पोरी. मी वेळेत निघाले असते, तर तो हे सगळं बापाकडून शिकला नसता."